सम कुठे आहे ते आधी सांग

पार्श्वसंगीत शिकायला लागल्यापासून माझं सिनेमा बघणं बिघडलं आहे. कान संवादाच्या खाली काय वाजतंय तिकडे लागलेले असतात आणि डोळे पडद्याच्या कोपऱ्यात टाइमकोड शोधतात, जो थिएटरात अर्थातच नसतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक दृश्याच्या कडेला तो पळत असतो. तास, मिनिटं, सेकंद आणि फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम. दृश्यात कोण रडतंय आणि का, हे नंतर; ते कितव्या फ्रेमला रडायला लागतं ते आधी वहीत उतरवायचं.

मी मूळची मिरजेची. पेटी वाजवते, विशारद झाले आहे आणि लहानपणापासून गायकांच्या साथीला बसत आले आहे. गुरुजींनी साथीचे नियम फार थोडे सांगितले, पण ते हाडीमासी मुरवले. गायकाच्या पुढे जायचं नाही. त्याने मोकळी सोडलेली जागा भरायची घाई करायची नाही. आणि सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, किती लांब आहे याचं भान बोटांना कायम असलं पाहिजे. पुण्यात सिनेमा आणि गेमसाठी संगीत लिहिण्याच्या अभ्यासक्रमाला आले ती हार्मनी आणि ऑर्केस्ट्रेशन शिकायला. ते शिकतेच आहे. पण यंदाची दोन मोठी कामं निभावली ती साथीच्या सवयीवर. पहिलं काम होतं एका लघुपटातलं दृश्य, आणि दुसरं एका छोट्या गेममधली एक लेव्हल.

आधी लघुपट. बायको गेल्यानंतर एक निवृत्त माणूस तिचं शिवणाचं पायमशीन विकतो. जुन्या सामानाचा व्यापारी दोन हमाल घेऊन येतो, खाली छोटा हत्ती टेम्पो उभा आहे. मशीन उचललं जातं, दारातून तिरकं काढताना त्याचा खण सरकतो आणि एक बॉबीन शहाबादी फरशीवर पडून घरंगळत जाते. माणूस तिच्याकडे बघतो. एवढंच. संवाद म्हणजे व्यापाऱ्याची आणि त्याची किमतीबद्दलची दोन-चार वाक्यं.

दिग्दर्शक माझा मित्रच. त्याने दृश्य पाठवलं ते टेम्प लावून. टेम्प म्हणजे संकलन करताना तात्पुरतं चिकटवलेलं दुसऱ्याच कुठल्या तरी सिनेमाचं संगीत. याच्या टेम्पमध्ये संथ पियानो होता आणि मागून वर चढत जाणारी व्हायोलिनं. दिग्दर्शक आठवडेच्या आठवडे तेच ऐकत संकलन करतो, मग त्याला त्याच संगीताची सवय होते, आणि आपण काहीही लिहिलं तरी ते त्याला चुकलेलं वाटतं. या व्यवसायात हे सगळ्यांनाच भोगावं लागतं. मी त्याच्याकडून टेम्प नसलेली प्रत मागून घेतली आणि त्याला म्हटलं, "तुला ते आवडतं हे कळलं. त्यातलं नेमकं काय आवडतं ते सांग, मग मी वाजवते." पुष्कळ आढेवेढे घेऊन तो म्हणाला, "ते रडत नाही, थांबून राहतं." हे मला पियानोपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचं होतं.

मग बसलो स्पॉटिंगला. संगीत कुठे सुरू होणार, कुठे थांबणार, आणि मुळात हवं कशाला, हे दिग्दर्शकाबरोबर दृश्य पुढेमागे करत ठरवायचं, याला स्पॉटिंग म्हणतात. प्रत्येक तुकड्याला क्रमांक मिळतो. पहिल्या रिळातला पहिला तुकडा म्हणजे १एम१. रिळं गेली, क्रमांकाची पद्धत राहिली. मित्राला संगीत पहिल्या शॉटपासून हवं होतं. आमच्या मॅडम शेजारी बसल्या होत्या, त्यांनी फक्त विचारलं, "हे काढलं तर काय जाईल?" वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला 'कुंकू'चे प्रसंग दाखवले होते. प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली, इथेच पुण्यात, तो सिनेमा पार्श्वसंगीताशिवाय केला. प्रसंगातले जे आवाज असतील तेच. प्रभातच्या त्या जागेत आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. संगीत शिकायला आलेल्या पोरांना आधी संगीत नसलेला सिनेमा दाखवणं मला तेव्हा जरा नाटकी वाटलं होतं. स्पॉटिंगला बसल्यावर वाटलं नाही. माणूस फडक्याने मशीन पुसतो आहे तोवर काहीच नको, हे दोन वेळा बघून ठरलं. हमाल मशीनला हात लावतात तिथे संगीत सुरू.

आता हिशेब. मशीन उचललं जाण्यापासून माणूस बॉबीनकडे बघतो तोवर नेमके ४५ सेकंद होते, म्हणजे १०८० फ्रेम. शेवटची ती नजर म्हणजे आमच्या भाषेत हिट पॉइंट. माझ्यासाठी सरळ सरळ सम. तिथून मागे मोजत यायचं. मिनिटाला ६४ ची लय धरली तर ४५ सेकंदांत ४८ मात्रा बसतात. ४८ म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची तीन आवर्तनं, आणि चौथ्याची सम बरोबर नजरेवर. हे जमलं तेव्हा मला अगदी गुरुजींना फोन करावासा वाटला. तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर संपणारा तुकडा, बसवताना तबलजी याहून वेगळं काय करतो? कुठे पोचायचं ते ठरलेलं, निघायचं कुठून ते शोधायचं.

सम बॉबीन पडते तिथे का नाही, असं वर्गात एकाने विचारलं. पडद्यावर जे जे घडेल ते ते संगीतानेही करून दाखवायचं, या प्रकाराला मिकी माउसिंग म्हणतात. उंदरा-मांजराच्या कार्टूनमध्ये ते शोभतं. इथे बॉबीन पडल्याचा आवाज पडद्यावरच आहे, त्यावर मी आणखी टिंग करून काय मिळवणार? पेटीवाला गायकाच्या तानेबरोबर वाजवत नाही, किंचित मागून येतो. तसंच ठेवलं. तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटच्या चार मात्रा पूर्ण रिकाम्या सोडल्या. ६४ च्या लयीत चार मात्रा म्हणजे पावणेचार सेकंद. त्या जागेत बॉबीन पडते, घरंगळते, तिचा आवाज साऊंड करणाऱ्या मैत्रिणीने इतका नेटका पकडला होता की त्याखाली काही वाजवणं पाप. मग नजर, आणि सम.

वाद्यं निवडताना बराच वेळ गेला. पहिल्यांदा डोक्यात सारंगी आली, कारण दुःख म्हटलं की सगळ्यांच्याच डोक्यात ती येते. पण सारंगी माणसाच्या गळ्याच्या इतकी जवळ जाते की संवादाखाली ती दुसरा माणूस बोलल्यासारखी ऐकू येते. बोलण्याची स्पष्टता मुख्यतः एक ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते, तिथे पेटी आणि व्हायोलिनसुद्धा अडथळा करतात. म्हणून व्यापारी बोलत असतो तोवर फक्त खालच्या पट्टीतला चेलो आणि तंबोऱ्याची जोडाची तार. पेटी होती, पण सूर न दाबता. नुसता भाता. स्वर न वाजवता भाता ओढला की आत हवा सरकते तो आवाज जवळून रेकॉर्ड केला आणि माणसाच्या क्लोजअपखाली बारीक ठेवला.

रागाचा प्रश्न वेगळाच. मित्राची अट होती की राग ओळखू येता कामा नये, आणि मी हिंदुस्थानी शिकलेली असूनही त्याच्याच बाजूची. आपल्याकडचा प्रेक्षक कानाने पक्का असतो. ओळखीच्या रागाची एक जागा आली की त्याला एखादं भजन, एखादं नाट्यपद आठवतं, आणि तो त्या खोलीतून उठून स्वतःच्या घरी जातो. मी चारच स्वर घेतले, सा, कोमल ग, म आणि कोमल नी, आणि त्यांची अशी कोणतीच संगती ठेवली नाही जी कुठल्या रागाचं दार उघडेल. चार स्वरांत तीन आवर्तनं धरून ठेवणं हे पाच स्वरांच्या ओडव रागाच्या आलापीपेक्षा अवघड आहे, असं माझं मत झालं आहे.

सगळं बसलं आणि संकलन बदललं. 'पिक्चर लॉक', म्हणजे संकलन आता बदलणार नाही, हा शब्द फार मनावर घ्यायचा नसतो. दारातल्या शॉटमधून ३८ फ्रेम कापल्या. दीड सेकंदाहून थोडं जास्त. प्रेक्षकाला काहीच नाही, मला मात्र समेला मुकावं लागत होतं. १०८० चे झाले १०४२. दोन वाटा होत्या. एक, मात्रा कापायच्या. मग आवर्तन लंगडं. दुसरी, मात्रा तितक्याच ठेवून लय चढवायची. ४८ मात्रा १०४२ फ्रेममध्ये बसवायच्या तर लय ६६.३३ होते. ६४ वरून ६६.३३. ख्यालाच्या मैफिलीत एवढी लय आपोआप चढते आणि कोणी भुवई उंचावत नाही. संगणकात आकडा बदलला, चेलो आणि भाता पुन्हा वाजवून घेतले, सम जागेवर. पूर्वी हेच गणित फिल्मच्या पट्टीवर भोकं पाडून, फ्रेमच्या आठव्या हिश्शापर्यंत करत असत. ते वाचल्यापासून मी सॉफ्टवेअरबद्दल कुरकुर बंद केली आहे.

लघुपटात निदान सम कुठे आहे हे ठाऊक असतं. गेमने ती सोयच काढून घेतली.

इंजिनिअरिंगच्या मुलांचा एक गट एक छोटा गेम करत होता, मोबाईलवर खेळण्यासाठी. रात्रीची वेळ, सह्याद्रीतला एक किल्ला, खलिता घेऊन निघालेली एक मुलगी, आणि तिला पहारेकऱ्यांच्या नजरेतून निसटायचं आहे. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला तेव्हापासून या मंडळींचा उत्साह दांडगा. मी पहिल्या भेटीतच विचारलं, "सम कुठे आहे ते आधी सांग." म्हणजे मुलगी पकडली कधी जाते? किती सेकंदांनी? गटातला मुलगा शांतपणे म्हणाला, "ते खेळणाऱ्यावर आहे. कदाचित चार सेकंदांनी. कदाचित पकडलीच जाणार नाही. कदाचित तो झुडपात बसून राहील आणि चहा प्यायला जाईल."

त्यांनी जोडीला एक यादीही दिली होती: तुतारी, ढोल, नगारा. किल्ला दिसला की तुतारी, हा आपल्याकडचा सरकारी नियमच झाला आहे. लपूनछपून चाललेल्या मुलीच्या डोक्यावर तुतारी कोण वाजवेल? ती यादी मी प्रेमाने बाजूला ठेवली.

गेमचं संगीत परिस्थितीप्रमाणे बदललं पाहिजे ही कल्पना जुनी आहे. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये चारच स्वर उतरत फिरत राहतात, आणि शत्रू कमी होत जातात तशी त्यांची गती वाढते. घाम फुटायला तेवढं पुरतं. पुढे लुकासआर्ट्स या गेम कंपनीत मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूज नावाची व्यवस्था केली. १९९१ पासून त्यांच्या गेममध्ये एका जागेचं संगीत दुसऱ्या जागेच्या संगीतात सूर न तुटता मिसळायला लागलं. आज आमच्यासारख्यांना एफमॉड किंवा वाइज ही सॉफ्टवेअर वापरून ते घरी बसून करता येतं. एफमॉड छोट्या प्रकल्पांना फुकट आहे, म्हणून एफमॉड.

काम दोन पद्धतींनी चालतं. एक थरांची. सारख्याच लांबीचे, सारख्याच लयीचे तीन-चार थर एकदम सुरू करायचे आणि गरजेप्रमाणे कोणता ऐकू यायचा ते ठरवायचं. गेमकडून एक आकडा येतो, त्याला आम्ही 'धोका' नाव दिलं, शून्य ते शंभर. पहारेकरी जवळ आला की धोका वाढतो, आणि तंबोऱ्यावर डग्गा, डग्ग्यावर तारवाद्यं असे थर उघडत जातात. दुसरी पद्धत तुकड्यांची. शोधाचं संगीत संपवून पाठलागाच्या संगीतात उडी मारायची. ही उडी नेमकी केव्हा मारायची, यावर मी सर्वांत जास्त डोकं खपवलं.

लय १२० ची होती, म्हणजे एक मात्रा अर्धा सेकंद आणि तीनतालाचं आवर्तन ८ सेकंदांचं. संगीताच्या दृष्टीने उत्तम उडी समेवर. पण पहारेकऱ्याने समेनंतर लगेच पाहिलं तर पुढच्या समेपर्यंत मुलगी पकडून, खेळ संपवून, माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेला असतो, आणि मग दिमाखात पाठलागाचं संगीत येतं. मात्रेगणिक उडी ठेवली तर वेळ साधते, पण आवर्तन कुठेही चिरलं जातं आणि कानाला झटका बसतो. शेवटी विभागावर ठेवली, चार मात्रांनी एकदा. जास्तीत जास्त दोन सेकंदांची वाट. तेवढी वाटही जाणवू नये म्हणून पाहिल्याक्षणी वाजणारा एक छोटा फटका वेगळा केला, डग्ग्यावर तळवा घासून काढलेली घीस आणि तारेवरचा एक ओरखडा. तो विरतो तोवर विभाग संपतो आणि पाठलाग सुरू.

ख्याल गाणारा माणूस कुठल्याही मात्रेवरून मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, पकडून समेवर येतो, आणि त्याच्या डोळ्यांत तो विचार दिसला की साथीदार सावध होतो. इथे डोळे दिसत नाहीत. धोका नावाचा आकडा दिसतो. पण बसण्याची तऱ्हा तीच.

डग्गा वाजवायला एक तबलजी मित्र आला. हेडफोनमध्ये क्लिक लावली तर पाच मिनिटांत वैतागला. "ही टिकटिक नको. लहरा दे." मग मी पेटीवर तीनतालाचा लहरा, म्हणजे तबल्यासाठी आवर्तनभर फिरत राहणारी एकच धून, क्लिकला चिकटवून वाजवला, तो त्याच्या कानात सोडला, आणि त्याने एका बैठकीत सगळे थर देऊन टाकले. लहरा अर्थात गेममध्ये नाही. पण त्या डग्ग्याला जी झोकाची चाल आली आहे ती क्लिकवर आली नसती.

इथे मात्र राग कामाला आला. मारव्यात पंचम नाही, आणि षड्ज असूनही गायक त्याला चुकवत, कोमल रिषभ आणि धैवतावर रेंगाळत राहतात. तंबोराही पंचमाऐवजी निषादावर किंवा धैवतावर लावतात. परिणाम असा की घरी पोचल्यासारखं कधी वाटत नाही. फेऱ्यात, म्हणजे संपलं की पुन्हा पहिल्यापासून, वाजणाऱ्या संगीताला हेच हवं. षड्जावर ठाम येऊन थांबलं की प्रत्येक वेळी फेरा संपला हे कळतं. गाण्याच्या मैफिलीत मारवा अस्वस्थ करतो म्हणून कोणी चुळबुळ करतं, इथे ती चुळबुळच कामाची.

मग खेळून बघायला मुलं बोलावली आणि त्यातला एक जण खरोखरच झुडपात बसून राहिला. पहारेकरी येतोय, जातोय, येतोय. डग्गा चालू, बंद, चालू. नळाला धार यावी-जावी तसं. उपाय सोपा निघाला: थर एका सेकंदात उघडायचा पण मिटायला सहा सेकंद घ्यायचे. भीतीही तशीच जाते, सावकाश. आणि सारखं तेच तेच ऐकू येण्यावर तालांनीच औषध दिलं. तळाचे तीन बारीक आवाज वेगवेगळ्या लांबीचे केले, सोळा, सात आणि दहा मात्रांचे. तीनताल, रूपक आणि झपताल. सोळा आणि सात ५६ सेकंदांनी एकत्र येतात. दहा मिसळले की ५६० मात्रा, म्हणजे ४ मिनिटं ४० सेकंद. एवढा वेळ झुडपात बसणाऱ्याला संगीताची तक्रार करायचा हक्क नाही.

तांत्रिक बाबींत एकच सांगण्यासारखं. खालचा भरदार सूर मी आधी सिंथेसायझरवर केला होता. स्टुडिओच्या स्पीकरवर अंगावर येत होता, मोबाईलवर गायब. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्जाचा मूळ सूर बाहेरच पडत नाही. तंबोरा मात्र ऐकू येत होता, कारण जवारीमुळे, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या घासून केलेल्या उतारामुळे, त्याच्या तारेतून वरचे स्वयंभू स्वर भरपूर निघतात, आणि ते फोनला पेलतात. मिरजेला आमच्या गल्लीत तंबोऱ्याचे कारागीर दिवसभर घोडीवर कानस घासत बसायचे, त्याचा उपयोग असा होईल असं वाटलं नव्हतं. सिंथेसायझर काढून टाकला, आणि फाइलचा आकारही कमी झाला. फेऱ्यात वाजणाऱ्या फाइल एमपीथ्रीत द्यायच्या नाहीत, हे जाता जाता सांगते. त्या प्रकारात फाइलच्या टोकांना शांततेचा बारीक तुकडा चिकटतो आणि दर फेऱ्याला उचकी लागते.

लघुपट कॉलेजात दाखवून झाला, गुण मिळाले. गेमचं तसं नसतं. परवाच गटातल्या मुलाचा मेसेज आला: "पहारेकऱ्याला आता कुत्रा दिलाय. वास येतो त्याला, त्यामुळे धोका एकदम शून्यावरून ऐंशीवर जातो. चालेल ना?" चालणार नाही. एका सेकंदात उघडणारा थर ऐंशीवर थेट उडी मारली तर ढकलल्यासारखा येतो. कुत्र्यासाठी वेगळा फटका लागेल, आणि त्याचा आवाज साऊंडवाली मैत्रीण जे भुंकणं लावेल त्याच्याशी भांडणार नाही अशा पट्टीत. तबलजीला रविवारी बोलावलं आहे.